घंटी वाजवावी

माझ्या कुंपणाला पाठ लावून
झगडे राहायचे.
फुटपाथवर नऊ विटांची ओळ, मधली एक गाळलेली,
ते दार.
काशीदच्या बुंध्याला सुतळीने बांधलेली सायकलची घंटी.
ती वाजवल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही.
एकदा एका मांजरालाही त्यांनी परत पाठवलेलं
मी गॅलरीतून पाहिलंय.

मी पहिल्यांदा केलं ते कर्वेनगरात कुणीही केलं असतं तेच:
क्षेत्रीय कार्यालयात अर्ज. दोन प्रतींत.
गाडी आली. फळी गेली, ताडपत्री गेली, स्टोव्ह गेला.
घंटी तेवढी त्यांनी बनियनमध्ये लपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला
फाटकाशी उभे, वाजवत.
म्हणाले, मायदेव, तुमचा अर्ज वाचायला मिळाला.
त्यात मला 'अज्ञात इसम' म्हटलंय.
आडनाव झगडे. मूळचे नीरेचे.
दुरुस्ती करा.

मी खरंच आत गेलो.
फाइल काढली, माझ्याकडच्या प्रतीवर
'अज्ञात इसम' खोडून 'श्री. झगडे' लिहिलं,
बाजूला सही केली.
कागद नाकाला लावून त्यांनी तपासला
आणि विटा मांडायला गेले.

त्यानंतर तक्रार करायची तरी कशी,
माणूस माहितीचा झाला होता.

मैत्री वगैरे म्हणणार नाही मी.
चहा दिला तर घेत. कप विसळून परत येई,
आत कधी दोन लवंगा, कधी एखादा स्क्रू,
एकदा माझ्याच फाटकाची
दोन वर्षांपूर्वी हरवलेली कडी.
उपकार नकोत, म्हणत, शेजार आहे.
आणि वर मलाच सुनावत:
रात्री दीडला तुमच्या स्वयंपाकघरात दिवा असतो.
गोळी घेता की रडता?

बहिणीला फोनवर सांगितलं नव्हतं ते
मी कुंपणाच्या या बाजूने सांगितलं.
ते म्हणाले, हं.
मग कचऱ्याची गाडी येईपर्यंत
दोघंही काही बोललो नाही.

पुढे बिल्डर आला, भाचे आले, सह्या झाल्या.
मी धायरीला, अकराव्या मजल्यावर, भाड्याने, तीन वर्षांसाठी.
टेम्पोत कपाट चढत असताना झगड्यांनी विचारलं,
कायमचा पत्ता म्हणून आता काय लिहिणार तुम्ही?
मी टेम्पोवाल्याला उगीचच म्हटलं,
काच आहे, जपून.

दीड महिन्याने खालून वॉचमनचा फोन:
साहेब, एक माणूस आहे. घंटी वाजवतोय. जात नाही.
उतरलो. दुधाच्या पिशवीत माझं टपाल:
विजेचं शेवटचं बिल, पेन्शनचा हयातीचा फॉर्म,
तारीख उलटून गेलेली एक लग्नपत्रिका.
म्हणाले, पोस्टमन आता माझ्याकडेच टाकतो.
गल्लीतला जुना रहिवासी मीच उरलोय.
कर्वेनगर ते धायरी, चालत.
बसचे पैसे पुढे केले तर
घंटी दोनदा वाजवली त्यांनी, म्हणजे नाही.

वर चला, म्हटलं.
मान मागे टाकून त्यांनी मजले मोजले,
नऊपर्यंत, मग सोडून दिलं.
इतक्या वर घंटी ऐकू जायची नाही, म्हणाले,
आणि सिंहगड रस्त्याच्या दिशेने वळले.

परवा मीच गेलो.
बंगल्याच्या जागी खड्डा, खड्ड्यात हिरवं पाणी,
भोवती निळे पत्रे.
काशीद अजून आहे. त्याच्या अंगावर
पांढऱ्या रंगात एक आकडा घातलाय कुणीतरी.
पत्र्यांना टेकून विटांची ओळ, तशीच.

मी बाहेर थांबलो. वाजवली.
आतून, म्हणजे दोन फुटांवरून,
माझ्याकडे न बघता,
कोण?

मायदेव, म्हटलं. पूर्वी शेजारी राहायचो.

थोडा विचार केला त्यांनी.
या.
चपला तिकडे काढा.