शेकडा बारा

ग्लदानीतली इमारत, नववा मजला.
लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही
आणि आई नाणं टाकायला तयार नाही,
म्हणून मीच वर गेले, सुतळीचा गुंडा घेऊन.

"नीट उभी राहू?"
"नको. रोजच्यासारखी."
मग ती टेकली
स्वयंपाकघराच्या दाराच्या डाव्या कडेला,
जिथला रंग चाळीस वर्षांत
तिच्या खांद्याने खाल्लाय.
मी गाठी मारत गेले:
टाच ते कंबर, कोपर ते भिंत,
मान आणि चौकट यांच्यामधली
कबुतराएवढी पोकळी.

ज्याने ही दारं कागदावर काढली
त्याच्यासमोर एक सरासरी माणूस असणार,
हात सरळ, नजर समोर,
घेवडा शिजेपर्यंत कुठेही न टेकणारा.

माझ्या भट्टीत गुडघ्यापर्यंतच आई मावते.
म्हणून इमेरेतीला, आमिरानकडे.
तो वाइनचे रांजण करतो, माणसाहून उंच,
गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे.
रिकामा झाला की लहान चणीचं कुणी आत उतरतं,
पोट घासतं, गात राहतं.
गाणं थांबलं
की वरच्यांनी ताबडतोब ओढून काढायचं.
आमिरान बारा वर्षांचा होता तेव्हा आत गायचा.
आता तोंडातून खांदे जात नाहीत.

माझं काम त्याने चहूबाजूंनी पाहिलं.
"रांजण?"
"दार."
"पलीकडे काय?"
"काही नाही. मध्येच उभं राहायचं."
त्याने तळवा फिरवला.
"भिंतीला पोट चांगलं आलंय. पण माती
शेकडा बारा आकसेल."
"धरलंय," मी म्हणाले. गाठीगाठीत धरलं होतं.

वाळण्यात हिवाळा गेला.
मग सात दिवस आग, भट्टीचं तोंड विटांनी चिणून.
मे महिन्यात चौघांनी ते नऊ मजले चढवलं,
प्रत्येक वळणावर जिन्याला शिव्या देत.

आई आत शिरली. टेकली.
मातीने बारा म्हणजे बाराच घेतले होते.
आईने किती, ते मी धरलंच नव्हतं.
खांद्यापाशी दोन बोटं उजेड.

मी सुतळी शोधायला लागले.
"राहू दे," ती म्हणाली,
हात मागे नेऊन ती फट चाचपत,
"थंडीत कोट असतो माझ्या अंगावर."