दोन थापा

अडीचला भिंतीवर थाप पडते. दोनदा.
म्हणजे डावा पाय. तीनदा असती तर उजवा.

बाबांच्या पोटरीत गोळा आलेला असतो,
कातडीखाली सरकणारा,
बोटीच्या तळाशी मासा तडफडावा तसा.
अंगठे धरून मी पाऊल त्यांच्याकडे वळवते,
आकडे मोजते.
ते शिव्या घालतात, पण जीभ जड.
अर्ध्या शिव्या हनुवटीवर सांडतात.

फ्लोरेस बेटावर आमच्या घराची चाल
सगळ्या गावाला पाठ आहे:
आजोबा न पिता झोकांड्या खायचे,
दिओलिंदा आत्या हायड्रेंजियाचं कुंपण धरत धरत
चर्चला पोचायची, प्रार्थना संपल्यावर.

मोज्यात गुंडाळलेली गरम वीट पायाशी सरकवते.
पांघरूण खुर्चीच्या पाठीवर तोलून ठेवते,
त्याचंही वजन त्यांना सोसत नाही.
"जा, झोप," म्हणतात. मला कळतं. इतरांना कळत नाही.

खोलीत येऊन आडवी होते
तोच माझ्या पोटरीत काहीतरी आवळतं.
दिवसभर चढावर गाई हाकल्या.
त्यानंही होतं.
गार फरशीवर टाच दाबून उभी राहते,
ओठ मिटून,
भिंतीला हात न लावता.

पलीकडून थाप येते.
एकच.
तिचा अर्थ आम्ही अजून ठरवलेला नाही.