भरती नसलेलं पाणी

आरोंद्याच्या खाडीला ओहोटी लागली
की जनाक्का लुगडं खोचून चिखलात उतरते, तिसऱ्यांसाठी.
आज तिनं मला धक्क्यावरून हाक मारली :
मास्तर, दासू बोटीर रांधता
ता तळा माका काढून दाखव.

तिच्याच कोयतीच्या टोकानं मी
ओल्या पुळणीवर एक कोयतीच काढली,
आडवी, पाठ उत्तरेला.
ह्या पाठीवर द्राक्षं, दगडी गडग्यांच्या पायऱ्यांवर,
तो काठ स्वित्झर्लंडचा.
पोटाकडचा बराचसा फ्रान्सचा. मागे लगेच डोंगर,
मे महिन्यातही डोक्यावर बर्फ.

किती उंचार?
आंबोलीच्या अर्ध्या घाटात
एखादा मचवा तरंगतोय असं समज, म्हटलं.
आणि खोल इतकं, की तळ
आपल्या दर्यापेक्षा जेमतेम साठ मीटर वर.
ती हसली. म्हंजे येवन येवन आमच्याच जवळ.

सीमेची रेघ मी मधोमध ओढली.
तिनं पलीकडं पाहिलं, पेडण्याच्या माडांकडं.
माजी आवस थंयसून इली,
पाकल्यांच्या राज्यातसून, नवरी होवन.
होडयेत कागद दाखवचो लागलो.
रेघ खंय होती
ता वल्ह्याक काय कळूक नाय.

मगे थंय भरती कधी येता?

वर्गात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
येत नाही, म्हणालो.
वारा थांबला की पाणी जरा झुलतं,
ह्या टोकाकडून त्या टोकाकडे, वीतभर, बस.
तिला ते पटलं नाही.
जे पाणी जात नाही
ते परत येणार कसं, असं काहीतरी ती पुटपुटली
आणि टोपलीतला चिखल झटकत राहिली.

म्हणून मी नदी दाखवली.
पूर्वेला रोन आत शिरते, राखाडी,
हिमनदीनं दळलेल्या खडकाचं पीठ घेऊन,
इतकी गार, इतकी जड
की वर पसरतच नाही, थेट तळाला बुडी मारते.
पश्चिमेला बाहेर पडते ती निळी.
मधे, पुस्तकात सरासरी दिली आहे,
थेंबाला अकरा वर्षं लागतात.

अकरा?
तिनं चिखलाच्या बोटांवर मोजलं.
एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली,
मग एक तिसरी तिनं
कोयतीच्या पश्चिम टोकावर ठेवली.

दासू गेलो त्या वर्साचा पाणी
आता भायर पडत असतला.

मी हो म्हणालो.
ते पाणी पुढे कुठे जातं, तिनं विचारलं नाही.
मलाही सांगावंसं वाटलं,
की भूमध्य समुद्राला,
की सगळे समुद्र शेवटी एकमेकांत उघडतात वगैरे.
पण खाडी परतायला लागली होती,
आणि तिची टोपली अजून अर्धीच होती.

तिनं ती तिसरी उचलली, निरखली,
लहान आहे म्हणून
परत चिखलात रोवली.