नऊ व्होल्ट

इटियाडोहच्या पाण्यावर सोसायटीची नाव.
केबिनीत तीन दिवे.
इंजिन सुरू असलं की बरे जळतात,
बंद केलं की पिवळे पडतात, काविळीतल्या नखांसारखे.

"बलबच खराब होयेत जी, बदलवून टाका," दुधराम म्हणाला.
मी गोठणगावात फवारणी पंपांच्या बॅटऱ्या दुरुस्त करते.
नावेत पहिल्यांदाच पाय ठेवला. तीही हलली, मीही.

मीटर लावलं. बॅटरीवर साडेबारा.
दिव्यापाशी नऊ.
मधले साडेतीन गेले कुठं?

वायर बोटांत धरून चालले
फळीखालून, ओल्या जाळ्यांमधून, मुंग्यांच्या रांगेवरून.
मध्येच एक जोड, पीळ घालून
वर लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली.
"हा कोनाचा?"
"भावाचा होय."
पुढे तो बोलला नाही. मी विचारलं नाही.
जोड मजबूत होता. मीटरही तेच म्हणालं.

दोष सापडला काळ्या वायरीच्या टोकाला.
तिकडे कुणी पाहतच नाही,
सगळे लालमध्येच शोधत बसतात.
नटाखाली कळंक चढलेला, मोरचुदाच्या रंगाचा.
चिंच मागितली.
त्यानं डब्यातल्या मासोळीच्या रश्श्यातून
एक बुटूक काढून, धुऊन दिलं.
घासलं, पुसलं, पान्यानं आवळलं.

इंजिन बंद. दिवे पांढरे.
दुधराम दिव्यांकडे नाही, त्या चिंधीकडे पाहत होता.
"नवी टेप लावू का वरून?"
"राहू द्या."

पुन्हा मोजलं. बारा पूर्णांक एक.
थोडं अजून कुठंतरी मुरतं आहे.
तेवढं चालतं.