बरोबरी

विश्रामने कागदावर लिहून आणलं होतं सगळं:
सिद्धेश्वर, सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत,
मग भुईकोट, मग इंद्रभुवन, निदान बाहेरून,
चादर डबल, शेंगाचटणी दोन किलो,
आणि अगदी खाली, पेन्सिलीनं,
तुझी मॅच.

नाव विश्राम, पण पायाला भिंगरी.
एकवीस वर्षं या माणसाच्या मागून
पायऱ्या चढले, पायऱ्या उतरले.
या खेपेला म्हटलं, एक दुपार माझी.
मी कोल्हापूरची. आमच्या आळीत
पोरींना आधी ऑफसाइड कळतो, मग पाढे.
तो देवरुखचा.
त्याला गोल ठाऊक तो भूमितीतला.

सकाळी तळ्यात देऊळ होतं
आणि देवळाखाली उलटं देऊळ.
त्यानं माशांना कणकेच्या गोळ्या टाकल्या,
एकेका माशाला विचारून टाकल्यासारख्या.
किल्ल्यात प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचली.
बुरुजाच्या सावलीत कडक भाकरी मोडली
तर आवाज खंदकापर्यंत गेला.
मी घड्याळ बघत होते.

रेल्वे मैदान. गवत नावाला, माती नावासकट.
लोको स्पोर्टिंग निळ्यात, साखर पेठ लाल.
मधे सुतळी, दोन्हीकडे पोलीस,
आणि दोन फाटकं, एकमेकांशी न बोलणारी.
हा पाणी आणायला म्हणून गेला
आणि आला तो पलीकडच्या फाटकातून.
सुतळीपाशी हवालदार म्हणाला,
"आता हाफटाइमला."
हाफटाइमलाही सोडलं नाही.

मग मी निळ्यांत, इंजिनवाल्यांच्या बायकांत,
आणि तो समोर, मागवाल्यांच्या गर्दीत,
डोक्यावर रुमाल, चार गाठींचा,
शंभर पावलांवरून ओळखू येणारा माझा नवरा.

एकसष्टाव्या मिनिटाला साखर पेठेनं मारला.
लाल बाजू उठली.
रुमाल उठला.
लग्नात ज्यानं घास भरवताना इकडं-तिकडं पाहिलं,
मुलगी पहिली आली तेव्हा जो फक्त "बरं" म्हणाला,
तो माणूस बाकावर उभा राहून
दोन्ही हात वर करून नाचत होता,
आणि कोणी म्हातारा त्याला कमरेला धरून होता, पडू नये म्हणून.
मी इथून शिव्या घातल्या. अस्सल, माहेरच्या.
शेजारची बाई म्हणाली, "कोण हो तो?"
म्हटलं, "कोणी नाही."

चौऱ्याऐंशीवं. कॉर्नर.
एक काडीसारखं पोरगं, बूट बहुधा मोठ्या भावाचे,
धुळीतून वर आलं
आणि चेंडू त्याच्या कपाळाला लागला
की कपाळ चेंडूला, देव जाणे.
जाळं हललं.
माझी दोन बोटं तोंडात कधी गेली
मला कळलं नाही.
शिटी गेली ती मैदान ओलांडून,
आणि पलीकडे रुमाल एकदम थांबला.

एक-एक. तसंच संपलं.
फाटकाबाहेर तो उभा, हातात शेंगांचा पुडा,
बरोबर तो म्हातारा, मल्लेशम गुंडेटी,
चाळीस वर्षं मागावर, कानानं कमी.
"तुमची मंडळी?" म्हाताऱ्यानं विचारलं,
"शिटी तुमची? मलासुद्धा ऐकू आली."
विश्राम माझ्याकडे असा बघत होता
जसा सकाळी पाटीवरचं साल बघत होता,
दोनदा, चुकलं तर नाही ना.

चादर मल्लेशमच्या पुतण्याकडून घेतली.
त्यानं उलगडून दाखवली, मग पालथी केली:
इकडं लालावर पांढरा मोर,
तिकडं पांढऱ्यावर लाल.
"कुठली बाजू सरळ?" मी विचारलं.
पोरगा हसला. "वरती येईल ती."
दीडशे रुपये कमी केले नाहीत ते नाहीतच.

रात्री लॉजवर पंखा खडखडत होता.
कागद त्याच्या खिशातच राहिला.
"कुणी शिकवली?"
"थोरल्या चुलत्यानं. नववीत."
"मग कधी वाजवली का नाहीस?"
काय सांगणार. देवळात वाजवू? तुझ्या आईसमोर?
"कधी गोलच झाला नाही," मी म्हटलं.
तो बराच वेळ गप्प.
मग अंधूक उजेडात उठून बसला,
दोन बोटं तोंडात घालून
फुंकत राहिला. नुसती हवा. थोडी थुंकी.
"जीभ मागं दुमड," मी म्हटलं,
आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी
भिंतीवर थाप मारली.