नंतर नीट करणे

नारायण पेठेतल्या पतसंस्थेत
जिन्याखालच्या खोलीत एकच यंत्र.
धूळ चालत नाही म्हणून खाजगीवाले
सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावायचे
आणि स्वतः तपकीर ओढत आत यायचे.

प्रिंटर सावकाश. खर्र करत डावीकडे परतेपर्यंत
पुढची ओळ त्याच्या अंगावर आदळायची.
'झालं का रे?' असं त्याला विचारायची रीत
पुस्तकात दिली होती. दहा पानं होती ती,
आणि मार्चअखेर.
मी लिहिलं: एकपासून आठ हजारांपर्यंत मोज.
मोजताना दुसरं काही करू नकोस.
मग पुढचा सभासद छाप.

आठच हजार का?
सहा हजारांत नावं तुटत होती, म्हणून.

पडद्याकडेही मी रीतसर जात नसे.
थेट त्याच्या स्मृतीत, मागच्या खिडकीतून
आकडे आत टाकायचे. झर्रकन उमटत.
'मोठ्या बँकेतसुद्धा इतकं भराभर नाही,'
खाजगीवाले एकदा म्हणाले.
त्यावर मी दोन महिने तरंगत होते.

नव्वद साली बुधवारातून नवं यंत्र आलं,
रंगीत पडदा, कपाळावर टर्बोचं बटण.
माझी अक्षरं जुन्याच पत्त्यावर जात राहिली,
तिथं आता कुणी राहत नव्हतं.
पडदा काळा. आत हिशेब बिनचूक चालू.

पत्ता एका रात्रीत बदलला. पण ते मोजणं!
डोळा लवायच्या आत आठ हजार संपायचे.
पासबुकांवर निघालं: ताम्हनक. चिपळू. सरपोतद.
पळशीकरबाईंच्या ठेवीचं शेवटचं शून्य गेलं.
त्या बोलल्या नाहीत काही,
फक्त पुस्तक उलटं धरून पाहिलं.

आकडा वाढवत नेला.
बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढं
तो त्या खणात मावेना.
शेवटी बटण दाबलं. यंत्र म्हातारं झालं,
नावं पुरी आली.
खाजगीवाल्यांनी पुठ्ठा चिकटवला:
'वेग वाढवू नये. वाढवल्यास
संस्था ओळखणार नाही.'

परवा त्यांच्या नातवाचा फोन.
जुन्या फ्लॉपीतून कुणाकडून तरी उतरवून घेतलंय सगळं.
'काकू, त्या आठ हजारांशेजारी
तुम्ही रोमनमध्ये लिहिलंय, नंतर नीट करणे.
नंतर म्हणजे कधी?'

तिकडून हॅलो, हॅलो.
मी साधारण चाळीसपर्यंत आले होते.