संदर्भसूची

रात्री साडेनऊला भांडी पालथी घातली
की मी विद्यार्थिनी होते.
फुलेवाडीत, शेवटच्या स्टॉपमागं आमचं घर.
रेंज फक्त गच्चीच्या जिन्यात,
पाचव्या पायरीवर.
तिथं एक उशी कायमची ठेवलीय,
धाकटी तिला 'आईचं कॉलेज' म्हणते.

सर पडद्यावर येतात, गोठतात,
तोंड अर्धं उघडं.
'आवाज येतोय का?'
बेचाळीस काळे चौकोन.
त्यातला एक मी.
सतरा वर्षं मीही हेच विचारत आले
फळ्याकडं तोंड करून,
आणि 'नाही' असं कुणी कधी म्हणालं नाही.

या सत्राचा विषय :
मुलाच्या डोक्यात आधीपासून असलेलं विज्ञान.
गृहपाठ : आपण चुकलो असा एक तास लिहा.
शब्दमर्यादा पाचशे.

एक तास म्हणे.

मी सुकुमारचा लिहिला.
सुकुमार मगदूम, नववी ब,
हंगामात आठ-आठ दिवस गैरहजर.
मिश्रणांचं शुद्धीकरण चाललेलं.
गाळणे, निवळणे, स्फटिकीभवन,
फळ्यावर तीन बाण, मी खूश.
तर हा मागून,
'बाई, भेंडी राहिली की.'
वर्ग खिदळला.
मीही हसले.
हे वाक्य दोनदा खोडलं,
तिसऱ्यांदा ठेवलं.

लिहून झाल्यावर झोप येईना.
रविवारी गाडी काढली, चिखलीला गेले.
काहिलीत रस उसळत होता,
गुळव्यानं ठेचलेल्या भेंडीचं चिकट पाणी ओतलं
आणि मळी वर आली,
गोळा होऊन, काळपट, जाड,
हाक मारल्यासारखी.
सुकुमार झाऱ्यानं ती काढत राहिला.
हजेरी घ्यायला आल्यागत मी धुरात उभी.
मग गार पाण्यात थोडा पाक सोडून
त्यानं बोटांत गोळी वळली,
'आता उतरवायचं, बाई.'
माझ्या पर्समध्ये शाळेचा थर्मामीटर होता.
तो एकशे दहाला संपतो.
काहील कधीच त्याच्या पुढं गेलेली.

मी पर्स उघडलीच नाही.
कागदात बांधून दिलेला गरम गूळ
परत येताना तिच्यातच ठेवला,
अजून आतलं अस्तर चिकटतंय.

परवा निकाल आला. वीसपैकी बारा.
शेरा :
अनुभव प्रामाणिक. संदर्भसूची नाही.

पाचव्या पायरीवर बसले.
खालून हे ओरडले, 'लाइट बंद कर गं जिन्यातला.'
फाईल उघडली.
सगळ्यात शेवटी, नियमाप्रमाणं आडनाव आधी, टाईप केलं :

मगदूम, सुकुमार. नववी ब.
भेंडी राहिली की.
तोंडी. मागचा बाक.